आजीव वर्गणीदार

आमच्या काउंटीच्या साप्ताहिकाची तब्येत कशी आहे, हे सिग्ने मला विचारत होती. एकोणीस वर्षं त्याचे हिशेब मीच लिहितोय, तेव्हा मला ठाऊक असायला हवं होतं.

सिग्ने आमची बातमीदार. मालक ऑर्व्हिल ट्वेट यांना चौऱ्याहत्तराव्या वर्षी पेपर विकायचा होता आणि ती स्वतःचं घर गहाण टाकून तो घेणार होती. महिनाअखेर बँकेत सही.

"नफा आहे ना?"

"दिसतो. पण हे दोनशे अकरा आजीव वर्गणीदार कुठे धरायचे ते कळत नाही."

शहाण्णव साली ऑर्व्हिलनी चारशे जणांकडून जन्मभराच्या वर्गणीचे एकदाच दोनशे-दोनशे डॉलर घेतले, त्याच वर्षाचं उत्पन्न म्हणून लिहिले आणि छपाईयंत्र आणलं. यंत्र भंगारात गेलं. वर्गणीदार मात्र ठणठणीत. त्यांचे अंक छापून टपालात टाकायला वर्षाला दहा हजार जातात.

"म्हणजे देणं किती?"

"ते किती जगतात त्यावर."

"वयं काय त्यांची?"

"वयं कोण विचारतं?" कॉफी ओतत ऑर्व्हिल म्हणाले. "वर्षाला सहा-सात जण जातात की."

"या वेगानं सगळे जायला तीस वर्षं लागतील," मी म्हणालो.

"मग पेपर मानवतोय म्हणायचा त्यांना."

सिग्नेनं अंकात विनंती छापली: आजीव मंडळींपैकी जमेल त्यांनी वर्षाचे बावन्न डॉलर द्यावेत. त्रेसष्ट चेक आले. मी खूश होतो, हेझेल रूडचं पाकीट फोडेपर्यंत. चेक दोनशे दोनचा. बावन्न वर्गणीचे आणि दीडशे स्वतःच्या निधनवार्तेचे. मजकूर तयार, फक्त तारीख रिकामी. सोबत चिठ्ठी: 'मुलगा अ‍ॅरिझोनात असतो, तो घोळ घालेल.' रविवारी चर्चमधल्या कॉफीला ती हे बोलली असावी, कारण आठवड्यात तशीच आणखी सतरा आली.

आता निधनवार्तांचे बँकेत सत्तावीसशे जास्त आणि देणंही तेवढंच जास्त. हेझेल गेली की ते उत्पन्न, शिवाय तिच्या अंकाचा खर्चही वाचणार. म्हणजे जिवंत हेझेल तोट्याची. पण सगळ्याच हेझेल गेल्या तर वाचणार कोण? मी तो रकाना तीनदा खोडला.

सिग्ने अठराही मजकूर वाचत बसली होती.

"हेझेलनं बहिणीचं नाव गाळलंय."

"बोलत नाहीत त्या," ऑर्व्हिल म्हणाले.

"विचारून ठेवते. मध्येच मिटलं तर बदलावं लागेल."

"सही करणार आहेस?" मी विचारलं. "हिशेब अजून लागलेला नाही."

"कधी लागेल?"

"सगळे गेल्यावर."

"तोवर कसं थांबू? पैसे घेऊन बसलोय आपण त्यांचे." मग ती ऑर्व्हिलकडे वळली. "किमतीतून तीस हजार कमी करा. ते यंत्र मी नव्हतं आणलं."

ऑर्व्हिलनी कप खाली ठेवला. "वीस."

"पंचवीस. आणि तुमची निधनवार्ता फुकट."

"फोटोसकट?"

"फोटोसकट."

त्यांनी हात पुढे केला. ती फुकटची निधनवार्ता कुठल्या रकान्यात धरायची, हे मी दोघांनाही विचारलं.