पळसबर्डीचा पडदा

"अवं, ट्रायपॉड नीट धर! घसरून राह्यला तो!"

"मी सोताले सांभाळू का ट्रायपॉडले? गाडी हळू चालवा," मागून मंजुषा ओरडली. पण आज नवऱ्याच्या कानात वारं शिरलं होतं. राजूरच्या रस्त्यावर नीळकंठची स्कूटर उधळली होती.

कारणही तसंच होतं. पळसबर्डी, या रस्त्यावरची पळसांची टेकडी, कोळशाच्या खाणीत जाणार होती. होळी झाली की मशिनी लागणार, हे पक्कं होतं. बर्डीवरचे पळस ऐन बहरात, पण डंपरच्या धुळीनं फुलं काळवंडलेली. काल संध्याकाळी अवकाळी पाऊस कोसळला, तेव्हा सगळी आळी त्याला शिव्या घालत होती आणि हा गडी ओट्यावर उभा राहून एकटाच हसत होता. पावसानं बर्डी धुऊन निघणार होती! दुपारपर्यंत पुन्हा धूळ बसणार. म्हणजे हातात एवढी एकच सकाळ.

वणीत त्यांचा स्टुडिओ होता. भाऊबंद सगळे कचेरीत चिकटले. नीळकंठनं तेवढा कॅमेरा धरला. स्टुडिओतल्या पडद्यावर बर्फाचे डोंगर होते, आणि त्या बर्फापुढे वणीची घामाघूम माणसं वर्षानुवर्षं हसत उभी राहिली होती. नीळकंठला आता त्या बर्फाची लाज वाटायची. आपल्या माणसांच्या मागे आपली बर्डी हवी, असं त्यानं मनाशी घेतलं होतं.

वळणावर त्यानं करकचून ब्रेक मारला. "मंजुषा, पाह्य!"

बर्डीवर हिरवं पान दिसत नव्हतं, नुसता केशरी रंग. ओल्या खोडांतून वाफ निघत होती, मैनांनी दंगा मांडला होता. रागवायचं विसरून मंजुषाच ओरडली, "अहो, पाह्यत काय बसले? काढा ना लवकर!"

नीळकंठ चिखलात गुडघे टेकून बसला. कॅमेऱ्याला डोळा लावला, तर ऐन मधोमध मोहाच्या झाडाखाली एक बाई फुलं वेचत होती. पायथ्याच्या पोडावरची, कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची मानीबाई.

"मावशी, जराशा बाजूले व्हता का?"

"काहून? मी वंगाळ दिसतो का?"

"नाई वो! स्टुडिओतला पडदा करतो याचा. मधातली जागा खाली पाह्यजे. लोकं उभे राह्यतीन तिथी."

"लोकं?" मानीबाईनं एकदा मागं वळून बर्डीकडे पाहिलं. मग टोपली उचलली आणि ती बाजूला झाली.

नीळकंठ बसून, उभा राहून, दगडावर चढून फोटो काढत सुटला. भरात येऊन सवयीनं बर्डीलाच म्हणाला, "हसा!" मंजुषाची हसून हसून पुरेवाट झाली.

पडदा झोकात झाला. भिंतीवरून खाली येऊन फरशीवरही पसरला. पायाशी मोहाची गळलेली फुलंसुद्धा दिसत होती. नवी जोडपी, बारशाची बाळं, सगळ्यांना तोच पडदा हवा. नीळकंठ नुसता मिरवत होता.

दिवाळीपर्यंत बर्डीच्या जागी खड्डा झाला. पोड दूर कुठेतरी नेऊन वसवलं.

दिवाळीच्या बाजाराच्या दिवशी मानीबाई स्टुडिओत आली. हिरवं लुगडं, डोक्याला तेल. पडदा दिसला तशी दारातच थांबली. स्टुडिओत कोणी चपला काढत नाही, तिनं काढल्या. फरशीवरची ती छापलेली फुलं चुकवत, एकेक पाऊल जपून टाकत ती मोहाखाली गेली आणि ऐन मधोमध उभी राहिली.

"हं, काढ आता. बाजूले नोको म्हनू, भाऊ."

नीळकंठला ती सकाळ आठवली. जागा खाली पाहिजे म्हणून आपण तिला तिच्याच झाडाखालून उठवलं होतं, आणि ती मुकाट उठली होती. मंजुषानं दिवा जरा वळवून धरला. नीळकंठनं कॅमेरा डोळ्याला लावला, पण रोजचं ते "हसा" काही त्याच्या तोंडून निघेना.

मानीबाई मात्र ताठ उभी होती. पायाखाली एकही फूल आलं नव्हतं.