एका माणसाचं काम

फ्रिजच्या दाराला कडेनं रबर बसवायचं काम दोघींचं. मुक्तामावशींनी कोपरा दाबून धरायचा आणि तहमीनानं रबर खाचेत ठोकत पुढं जायचं. धरणारीनं हात काढला, की रबर हट्टी पोरासारखं उसळून बाहेर.

सोमवारी मावशी भाचीच्या लग्नाला इनामगावला जाणार होत्या. आदल्या दिवशी दोरीवर कपडे घालता घालता तहमीनाला काहीतरी सुचलं आणि कामावर जाताना तिनं चार चिमटे पिशवीत टाकले. चारी कोपऱ्यांना चिमटे लावले आणि काय सांगावं, एकटीनं सगळी दारं उरकली. कुणाला तरी दाखवावं म्हणून तिचा जीव नुसता वरखाली होत होता.

समोर भिंतीवर पाटी होतीच : 'नवी कल्पना सुचवा, कंपनी पुढे न्या.' पण या दोघी ठेकेदाराच्या. काम घटलं की माणसं घटवता यावीत, म्हणूनच ठेवलेल्या. कल्पना सांगितली तर कंपनी पुढं जाईल आणि मावशी घरी. या वयात त्यांना दुसरीकडं कोण उभं करणार? आई गेल्यापासून तहमीनाला 'जेवलीस का' म्हणून विचारणारं तेवढं एकच माणूस उरलं होतं. तिनं चिमटे गुपचूप पिशवीत टाकले.

मंगळवारी मावशी पाणी आणायला गेल्या, तेवढ्यात सुपरवायझर सर्जेराव आले.

"काल एकटीनं टार्गेट कसं काढलंस गं? काय युक्ती असंल तर सांग. साहेबांना दाखवतो, तुझ्या परमनंटचं बोलतो."

परमनंट! कारेगावातली भाड्याची खोली, लेकीची शाळा, सगळं तहमीनाच्या डोळ्यांपुढून गेलं.

"युक्ती कसली सर? शेजारच्या लाईनवरच्या पोरी येऊन धरत व्हत्या. मावशींबिगर न्हाई जमत."

सर्जेरावांनी कपाळाला हात लावला. "ईदला तू सुट्टीवर व्हतीस, तवा मावशींनी बी एकटीनं टार्गेट काढलं. विचारलं तर त्या बी हेच सांगत्यात. शेजारच्या पोरींनी धरलं, तहमीनाबिगर न्हाई जमत." आणि शेजारच्या लाईनकडं संशयानं बघत ते निघून गेले.

मावशी बाटली घेऊन आल्या, तर तहमीनाच्या डोळ्यांना धार लागलेली.

"काय गं, कोण काय बोललं का?"

"कोण न्हाई," तिनं बाहीनं डोळे पुसले. "धरा मावशी तुम्ही."