खंडेनवमीला पुजलेलं कार्ड

मी बेरोजगाराच्या नोंदणीचं कार्ड बोलतोय. माझं ऐकायला कोणी थांबत नाही, तरी बोलतो. बनारसच्या एका कचेरीत, मंदीच्या साली, कारकुनाने चहा पिता पिता माझ्यावर शाईने नाव लिहिलं, बिंदुमाधव. खाली नंबर आणि जांभळा शिक्का.

बिंदुमाधव गालिच्यांची नक्षी काढायचे. परदेशातली मागणी आटली आणि कंपनीला टाळं लागलं. बालाजी घाटाजवळच्या दोन खोल्यांत ते भिंतीकडे तोंड करून पडू लागले. तीन वर्षं मी पेटीत आणि ते खाटेवर, दोघेही निकामी.

मग सरकारने भत्ता सुरू केला आणि तो माझ्यामुळे मिळाला. रक्कम ती काय, चार दिवसांची भाजी. पण महिन्यातून एकदा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते बँकेत जात. येताना बायकोसाठी, बकुळसाठी, कचोरी आणत. हळूहळू दाढी रोजच होऊ लागली. नक्षीची जुनी वही उघडली. मला फार अभिमान वाटायचा.

खंडेनवमी आली. मराठी घरात त्या दिवशी पोटापाण्याची हत्यारं पुजतात. बकुळने आपली शिवणाची कात्री मांडली.

"अहो, तुमचं काय ठेवू?"

"माझं काय उरलंय? ब्रश तर कंपनीचे होते."

ते अंघोळीला गेल्यावर तिने मला कात्रीशेजारी ठेवलं, पाणी शिंपडलं, ओल्या बोटाने हळदकुंकू लावलं. कुंकवाखाली शाई पसरली ते तिच्या लक्षात आलं नाही.

पुढच्या तपासणीला कारकुनाने मला उलटंपालटं करून पाहिलं.

"नंबर मिट गया है, भाईसाहब. नया बनवाइए."

"रजिस्टर में नाम देख लीजिए ना."

"बिना नंबर के कहाँ खोजें?"

नवं कार्ड म्हणजे आजची नोंदणी, आणि भत्ता फक्त जुन्या नोंदणीला.

घरी येऊन ते म्हणाले, "भत्ता बंद झाला. सगळ्यांचाच." तिच्या हातून काय झालं ते त्यांनी तिला कळू दिलं नाही. त्या चांगुलपणाचा मला राग येतो. सांगितलं असतं तर दोघं मिळून रडले तरी असते.

वही मिटली. वर्ष झालं, ते पुन्हा भिंतीशी आहेत. जेवायलाही दोनदा हाक मारावी लागते.

आज परत खंडेनवमी. बकुळने मला कात्रीशेजारी मांडलंय.

"अहो, बघा तरी, तुमचं कार्ड ठेवलंय. यंदा काही तरी होईल."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "ठेव," म्हणाले आणि तोंड फिरवलं.

बकुळ, मला पुजू नकोस गं. माझ्यात आता काही उरलेलं नाही. त्यांच्यापाशी जाऊन बस, त्यांना बोलतं कर, डॉक्टरकडे ने. एवढं मी कळवळून सांगतोय, आणि तू कुंकवासाठी बोट भिजवते आहेस.