पट्टा कोण काढतं?

गोळ्यांचं पाकीट ती पोहण्याच्या चष्म्याच्या डबीत लपवायची. सकाळी बाथरूमचं दार लावून, नळ मोठा सोडून एक गोळी घ्यायची. नळ अशासाठी, की पाकिटाचा आवाज बाहेर जाऊ नये. पण नवरा पडला सुतार. कुठल्या खुर्चीचा कुठला पाय कुरकुरतोय, हे तो शेजारच्या खोलीतून सांगायचा.

"घेतलीस ना?" ती बाहेर आली की तो विचारायचाच. "अजून किती दिवस?"

"डॉक्टर सांगतील तितके."

"त्यांचं काय जातंय सांगायला! अगं, तू जेवतेस, हसतेस, माझ्याशी कडाकडा भांडतेस. रडत नाहीयेस ना आता? मग गोळी कशाला?"

माणूस वाईट नव्हता. दोन वर्षांपूर्वी ती नैराश्यानं अंथरुणाला खिळली, तेव्हा रोज तिची वेणी त्यानंच घातली होती. वाकडीतिकडी, पण घातली होती. मात्र बायको बरी दिसायला लागली आणि गोळी त्याच्या डोळ्यांत खुपायला लागली. मागच्या वर्षी त्याच्या आग्रहापायी तिनं गोळ्या एकदम बंद केल्या. तीन आठवडे मजेत गेले. चौथ्या आठवड्यात तिला उठून केस विंचरणंही जमेना. पोहण्याच्या तलावावर ती शिकवायची तो लहान मुलांचा वर्ग दुसऱ्या कुणाकडे गेला, तो आता कुठे परत मिळाला होता. तो पुन्हा घालवायची तिची तयारी नव्हती. नवऱ्याच्या मते मात्र तेव्हा हवाच खराब होती.

या वेळी त्यानं योजनाच आखली. पहाटे साडेपाचला चालायचं, गार पाण्यानं अंघोळ करायची आणि महिन्याभरात गोळ्यांना रामराम.

"चालायला येते," ती म्हणाली. "पण महिनाभर तूही माझ्या तलावावर यायचं. आणि गोळ्या चालूच राहतील. त्यांचं काय ते महिन्यानं डॉक्टरांसमोर बोलू."

"मी आणि पोहायला?"

"लाकूड पाण्यावर तरंगतं, असं तूच सगळ्यांना सांगत असतोस."

"लाकूड तरंगतं गं, सुतार नाही!"

पण शब्द दिला होता. मोठ्यांचा नवशिक्यांचा वर्ग नव्हताच, त्यामुळे अकरा मुलामुलींच्या रांगेत बारावा तो उभा राहिला. मिशी असलेला एकटाच विद्यार्थी. प्रत्येकाच्या कमरेला पट्टा, आणि पट्ट्यात ओवलेले फोमचे पाच हलके ठोकळे. मूल जसं पाण्याला सरावेल, तसा ती एकेक ठोकळा कमी करायची. कुणाचा पंधरा दिवसांनी, कुणाचा दोन महिन्यांनी. घाई नाही, हसणं नाही. वर्ग सुरू करताना ती रोज विचारायची, "पट्टा कोण काढतं?"

"ताई काढते!" सगळे ओरडायचे. सुतारकाकांचा आवाज सगळ्यांत मोठा.

बाराव्या दिवसापर्यंत काका ऐटीत हातपाय मारायला लागले. "मास्तरीणबाई, आता हा पट्टा कशाला?" तो म्हणाला. "बुडतोय का मी?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. हा सूर तिच्या चांगल्या ओळखीचा होता. तेवढ्यात एका मुलीचे केस टोपीत अडकले, म्हणून ती तिकडे वळली.

मागे 'कट्' असा आवाज झाला. पट्ट्याचं बक्कल उघडल्याचा.

काकांनी पहिला हात मारला, दुसरा मारला, तिसरा मारला. चौथ्याला पाय खाली गेले, तोंड पाण्यात गेलं आणि पाण्याचे फवारे उडायला लागले.

"उभा राहा!" तिनं उडी मारली. "अरे, पाय टेक! छातीएवढंच पाणी आहे!"

दंडाला धरून तिनं त्याला उभं केलं. मिशीतून पाणी गळत होतं. "तळ... तळ कुठे होता?"

"तुझ्या पायाखाली."

काठावरून अकरा आवाज आले, "काका, पट्टा कोण काढतं?"

काका पायऱ्यांवर जाऊन बसले. शेजारच्या भागात एक निवृत्त पोस्टमन आजोबा संथपणे फेऱ्या मारत होते. विसावी फेरी संपवून ते काठाला टेकले. त्यांच्या कमरेला पट्टा होता, दोन ठोकळ्यांचा.

"आजोबा, तुम्ही अजून पट्टा लावता?"

"अकरा वर्षं झाली."

"काढावासा नाही वाटत?"

"मला पोहायचंय रे बाबा," आजोबा चष्मा पुसत म्हणाले. "पट्टा काढणं हा काही माझा छंद नाही." आणि ते एकविसाव्या फेरीला निघाले.

घरी जाताना कोपऱ्यावर तो एकदम म्हणाला, "पट्टा वेगळा, गोळी वेगळी. मला पटलंय असं समजू नकोस."

"मी कुठे काय म्हटलं?" ती म्हणाली. शिकलेलं मुरायला वेळ लागतो, हे तिला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी चालून आल्यावर तो हातोडी घेऊन स्वयंपाकघरात शिरला. ती अंघोळ करून आली, तर पाण्याच्या पिंपाशेजारी, बरोबर तिच्या हाताच्या उंचीवर, वीतभर फळी बसवलेली. कडा घासून गुळगुळीत केलेल्या. फळीवर पाण्यानं भरलेला पेला आणि तिची चष्म्याची डबी.

"डबी कुठे असते, ते तुला ठाऊक होतं?"

"दीड वर्ष झालं. तो नळ किती पाणी सांडतो, माहितीये?" तो फळीची पातळी पुन्हा एकदा तपासायला लागला. "महिना संपला की डॉक्टरांकडे मीही येणार. ते ठोकळे कसे कमी करतात, ते मला विचारायचंय."

तिनं डबी उघडली. पाकिटाचा आवाज स्वयंपाकघरभर झाला. गोळी तोंडात टाकून ती सगळं पाणी प्यायली.

"आणि ते म्हणाले, कमी नाही करायचे, तर?"

त्यानं दोन्ही हातांनी फळी दाबून पाहिली. ती जराही हलली नाही.

"तर काय," तो म्हणाला, "सागवानी आहे. टिकेल."