कंबर आधी

भगवानच्या काखेतला टॉवेल पुन्हा पडला आणि त्याने मला एक कचकचीत शिवी हासडली. जसा काही मीच तो पाडला होता!

आम्ही दोघं पनवेलजवळच्या गोल्फ कोर्सवर कॅडी, म्हणजे साहेबांच्या बॅगा वाहायच्या आणि हरवलेले चेंडू शोधायचे. २०१३ साल. भगवानचा गुडघा गेला होता. बॅगा वाहणं आता फार तर पावसाळ्यापर्यंत, असं डॉक्टरने तोंडावर सांगितलेलं. नेमकी तेव्हाच कोचच्या हाताखाली शिकवायची एक जागा निघाली. अट एकच, दहापैकी सात चेंडू दीडशे यार्डांच्या झेंड्यापलीकडे, तेही सरळ. अर्ज मीही केला होता, पण माझे गुडघे शाबूत होते.

भगवान मूळचा मिठागरातला. पाय रोवायचे आणि दांड्याने मीठ ओढायचं, सगळा जोर खांद्यात. वीस वर्षं तेच केल्यावर गोल्फची काठी हातात आली तरी हा बाबा ओढतच होता. कोचने पायऱ्या ठरवून दिल्या होत्या. आधी काखेत टॉवेल दाबून काठीचा अर्धाच फेरा, मग पाय जुळवून, मग पाऊण, शेवटी पूर्ण. महिना झाला तरी आमची गाडी टॉवेलापुढे सरकेना.

एका सकाळी त्याची बायको, भामावहिनी, डबा द्यायला आल्या. कंबरेवर हात ठेवून त्यांनी नवऱ्याची कसरत बघितली.

"भात झोडताना आमी हातानं झोडतो काय?" त्या म्हणाल्या. "कंबर आधी वलते. पेंढी मागून येते. तुमी जल्मभर मिठात, तुमाला काय ठावं!"

आणि खरोखरच त्यांनी सुक्या गवताची पेंढी बांधून त्याच्या हातात दिली. भगवान आठवडाभर डोळे मिटून पेंढी फिरवत होता. बाकीचे कॅडी हसून बेजार. मग त्याने काठी घेतली आणि असा काही टक् आवाज आला, की माझ्या अंगावर काटा उभा राहिला. चेंडू झेंड्यापलीकडे!

"हाताला धक्का कायच लागला नाय रं," एवढंच तो म्हणाला.

परीक्षेत माझे तीनच पलीकडे गेले. भगवानचे नऊपैकी सहा. दहाव्याला मी देव पाण्यात घातले होते. चेंडू उडाला, सरळ गेला, झेंड्यापलीकडे पडला आणि मी लहान पोरासारखा नाचलो. आपण स्वतः नापास झालोय याचं मला तेव्हा भानही नव्हतं.

त्याच दिवशी नऊ वाजता, तो ज्यांची बॅग वाहायचा त्या साहेबांची खेळाची फेरी होती. बॅग मी घेतो, म्हटलं. साहेबही म्हणाले, आज राहू दे.

"शिकवायचा उद्यापासून," भगवान म्हणाला. "आजची फेरी मी कबूल केलीय."

त्याने बॅग खांद्यावर घेतली आणि लंगडत निघाला. एरवी तरातरा पुढे जाणारे साहेब त्या दिवशी त्याच्या बाजूने, त्याच्याच चालीने चालत होते.