तळाला बसलेला रंग

आमच्या ह्यांना, उदयसिंहांना, मी वैतागून म्हणायचे, लोक कारखाना गेटातच सोडून घरी येतात हो! पण हे कुठले ऐकायला. तळोज्याच्या रंगाच्या कारखान्यातून पनवेलच्या क्वार्टरमध्ये पाऊल टाकायच्या आधी रसायनाचा वास घरात शिरायचा. म्हणून मी मोरीत गरम पाण्याची बादली तयार ठेवायचे. रंगाची पूड डब्यात तळाला बसू नये म्हणून घालतात ना, ते रसायन. उरलंसुरलं कारखानेवाले नाल्यात सोडायचे, आणि मासे मेले म्हणून गाववाले भांडायला यायचे.

ह्यांनी डोक्यात घेतलं, त्याऐवजी माती घालून बघायची. मुलतानीच्या जातीची, चिकण. साहेब चारचौघांत हसले आणि ह्यांचं ते कामच बंद केलं. ह्यांनी मुकाट्यानं ती माती घातलेल्या गेरूच्या रंगाचा एक डबा घरी आणून फळीवर ठेवला.

"कुमुद, दिवाळीपर्यंत ह्याला हलवायचं नाही. तळाला रंग बसला, तर साहेब खरे."

गणपती गेले आणि पाठोपाठ छातीच्या दुखण्यानं हे गेले. बोलायला दम पुरत नव्हता, तरी डबा हलवला नाहीस ना, हेच विचारत होते. असा राग आला होता मला! जाता जाता माणसानं बायकोची चौकशी करावी की डब्याची?

दिवाळीच्या सुमारास क्वार्टर सोडायची होती. कंपनीचा नियम, दारं रंगवून द्यायची. रोडपालीचा बळीराम रंगारी आला, त्याला म्हटलं, आधी हा डबा उघड. रंगाऱ्यांची सवयच असते, झाकण काढलं की काठी खालपर्यंत घालून बसलेला गठ्ठा खरवडायचा. त्यानं काठी घातली, फिरवली, पुन्हा घातली. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

"वैनी, खाली कायच बसला नाय. काल बनवल्यासारखा हाय."

"अहो, ऐकलंत का?" मी आतल्या खोलीकडे तोंड करून म्हटलं, आणि तिथंच मटकन बसून रडले. मग डोळे पुसून मीच बळीरामला म्हटलं, पुढच्या दाराला लाव.

संध्याकाळी दार वाळलं. नाक लावून पाहिलं, वास म्हणून नव्हता. शिफ्ट सुटायची वेळ झाली तशी मी उठले आणि मोरीत गरम पाण्याची बादली ठेवून आले.