भिंगाचा वाढदिवस

संचालकांना तारखांचा भारी सोस होता. संस्थेत महादुर्बिणीचं भिंग ज्या तारखेला ओतलं गेलं, त्याच तारखेला पूर्वी कुणाला तरी धूमकेतू दिसला होता, दोन भांडकुदळ राजांनी तह केला होता आणि कुठल्याशा बेटावर ज्वालामुखी फुटला होता, असं त्यांना कुणीतरी सांगितलं. तेव्हापासून हे सगळं जणू आपणच जमवून आणलंय अशा थाटात ते वावरू लागले. एवढं घबाड हाती लागल्यावर नुसता केक कापून भागणार होतं थोडंच? जंगी कार्यक्रम ठरला. ‘एक तारीख, अनेक शिखरं.’ सूत्रसंचालनाला निवेदकाला बोलावलं.

निवेदक म्हणजे शहरातला भाड्याचा आवाज. दुकानाचं उद्घाटन असो की शोकसभा, दोन्हीकडे तो सारखाच मुलायम. “तुझ्या घशाला कुणी लोणी लावून ठेवलंय का रे?” असं त्याची ताई म्हणायची.

ताईचा नवरा याच संस्थेत काचेच्या भट्टीवर कामाला होता. भिंग ओतून झालं आणि त्याच दुपारी भट्टी फुटली. भावजी गेले. धूमकेतू आणि तह एका तारखेला आले हा योगायोग. भिंग आणि भावजींचं मरण मात्र एकाच भट्टीतून निघालं होतं. भिंगाचा वाढदिवस दरवर्षी व्हायचा. भावजींचा विषय कुणी काढत नसे. चांगल्या दिवशी कशाला?

“यंदा माइक तुझ्या हातात आहे,” ताई म्हणाली. “ह्यांचं नाव एकदा त्या सभागृहात घे. बाकी मला काही नको.”

“साहेबांना विचारून बघतो.”

“नाव घ्यायला विचारायचं काय त्यात? शिवी देणारेस का?”

तरी त्याने विचारलं. संचालक तेव्हा केकचा नमुना चाखत होते. केक धूमकेतूच्या आकाराचा, शेपटीसकट. शेपटीचं निळं क्रीम त्यांच्या मिशीला लागलं होतं आणि बोलताना ते मिशीवरच हालत होतं.

“अहो, घेऊ की!” संचालक म्हणाले. “मी म्हणतच होतो, कार्यक्रमात ओलावा कमी पडतोय.” आणि त्यांनी निवेदकाचा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला. हात चिकट झाला. खिशात रुमाल होता, पण साहेबांसमोर हात कसा पुसणार? तो हात अंगापासून लांब धरून घरी आला.

कार्यक्रमाच्या दिवशी रंगमंचावर पुठ्ठ्याचा ज्वालामुखी धूर ओकत होता. पडद्यामागे संचालकांनी प्रश्नमंजुषेची कार्डं हातात दिली. तहाच्या खालचं कार्ड निवेदकाने वाचलं. ‘आजच्याच तारखेला आपल्या संस्थेत एक कर्मचारी कशाने दगावला? अ) वीज पडून, ब) भट्टी फुटून, क) जिन्यावरून पडून, ड) यांपैकी नाही.’

त्याने कार्ड उलटून मागची बाजूही पाहिली.

“साहेब, यात नाव नाही.”

“नाव आणखी कुठे घालता? प्रश्न लांबतो हो.” संचालकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. “एवढा मोठा प्रश्न दिलाय त्यांना. तहाच्या बरोबरीने!”

कार्ड फाडून टाकावं असं त्याला वाटलं. पण तेवढ्यात संगीत सुरू झालं, पाय आपोआप रंगमंचावर गेले आणि घशातलं लोणी पाघळू लागलं. धूमकेतू झाला. तह झाला. मग ते कार्ड आलं. ते त्याने वाचलं, आणि त्याच गोड आवाजात वाचलं.

पहिल्या गटाने बझर दाबला. “जिन्यावरून पडून.”

“चूक.”

“यांपैकी नाही!” दुसऱ्या गटातला एकजण म्हणाला आणि सभागृहात खसखस पिकली. पुढच्या रांगेत प्रायोजक चमच्याने केक खात हसत होते.

“प्रश्न प्रेक्षकांकडे,” निवेदक म्हणाला. नियमच होता तसा.

शेवटच्या रांगेत ताई उभी राहिली. कुणीतरी तिच्यापुढे माइक धरला. तिने नवऱ्याचं नाव सांगितलं. वडिलांचं नाव, आडनाव, सगळं सावकाश, शाळेत हजेरी घेतात तसं.

“बाई,” पहिल्या रांगेतून संचालक समजुतीने म्हणाले, “अ, ब, क, ड यातलं सांगायचंय.”

ताईने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ती भावाकडे बघत होती.

निवेदकाने कार्ड खाली ठेवलं. “बरोबर,” तो म्हणाला आणि त्याने ते नाव पुन्हा घेतलं. “हे भट्टी फुटून गेले. ज्या भिंगाचा आज वाढदिवस आहे, ते ह्यांनी ओतलं.” आवाज पहिल्यांदाच खरखरीत निघाला. ध्वनियंत्रणावाल्याने बिघाड समजून बटणं फिरवली.

संचालक मुरलेले, ते उठून उभे राहिले आणि हात उंचावून टाळ्या वाजवू लागले. झालं, सगळं सभागृह वाजवू लागलं. धूमकेतूला वाजल्या होत्या त्याहून जास्त. ताईला पुढे बोलावून घेतलं, प्रायोजकांच्या काचेच्या पेल्यांचा संच तिच्या हातात दिला, संचालकांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला. निवेदक पुढच्या प्रश्नाकडे वळला. ज्वालामुखी उरला होता.

बाहेर फाटकाशी ताई त्याची वाट बघत उभी होती. खोका तिने चौकीदाराला देऊन टाकला होता.

“घेतलंस नाव,” ती म्हणाली. “बरं झालं.” थोडं चालल्यावर तिने विचारलं, “पण ते टाळ्या कशाला वाजवत होते रे?”

“बरोबर उत्तराला वाजवतातच, ताई,” तो म्हणाला. आवाज पुन्हा पहिल्यासारखा मऊ झाला होता. तो त्याने ऐकला आणि रस्त्याच्या कडेला जाऊन थुंकला.